पावसात माना टाकणारा झेंडू

रुजण्यापासून पुन्हा बी धरेपर्यंतचे सारे आयुष्य एकाच हंगामात संपवणाऱ्या फुलझाडांना हंगामी किंवा वार्षिक फुलझाडे म्हणतात. झेंडू, तेरडा, झिनिया, कॉसमॉस ही त्यांतली अंगणाअंगणांत दिसणारी. शाहूवाडी तालुक्यात आंब्याच्या घाटमाथ्याकडून पूर्वेला बांबवड्याकडे येताना पाऊस झपाट्याने ओसरत जातो, त्यामुळे पूर्वेकडे योग्य ठरलेली लागवडीची रीत पश्चिमेकडच्या धुवांधार पावसात अंगाशी येऊ शकते.

प्रस्तुत लेखकाचे नुकसान याच कारणाने झाले. दसऱ्याच्या तोरणासाठी लावलेला झेंडू श्रावणातच कोमेजू लागला, तेव्हा झाड उपाशी आहे असे समजून त्याला युरिया आणि ओले शेण घालण्यात आले, उघडीप मिळताच वरून पाणीही देण्यात आले, आणि पंधरवड्यात वाफा रिकामा झाला. उपटलेल्या झाडांची मुळे तपकिरी, मऊ झाली होती व त्यांची साल चिमटीत सुटून येत होती. वाफा पागोळ्यांच्या रेषेत होता, आळीही मिरचीला करतात तशी खोलगट होती. म्हणजे पाणी साठवण्याची सोय लेखकानेच करून ठेवली होती.

मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी गच्च भरले की मुळांना प्राणवायू मिळत नाही, गुदमरलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही आणि पाण्यात उभे असलेले झाड तहानेलेच दिसते. पिथियमसारख्या बुरशीला अशी मुळे आयतीच सापडतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे पोकळ्यांत ओल व हवा दोन्ही नांदतात ती स्थिती, तीच येथे राखावयाची असते. त्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा, उताराच्या दिशेने चर काढावा, शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे आणि कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडू नयेत म्हणून ती आडोशाला तयार करावीत. नत्र बेताने द्यावे, कारण ते जास्त झाल्यास पाला माजतो व कळ्या लांबतात.

पेरणीची तारीख मात्र पाठ करून ठेवू नये. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला आला, तर २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. रोप तयार होण्यास सुमारे एक महिना आणि लावणीपासून फुलापर्यंत सुमारे दोन महिने लागतात, म्हणून पंचांग पाहून तीन महिने मागे मोजणे बरे. लावणीनंतर महिनाभराने शेंडा खुडल्यास बगलफांद्या वाढतात. फुले मात्र काही दिवस लांबतात, तेवढे दिवस हिशेबात जास्तीचे धरावेत.

मूळच्या मेक्सिकोतल्या झेंडूसाठी एवढा खटाटोप लागतो. गौरीच्या पूजेला लागणारा तेरडा याच पावसाचा रहिवासी. त्याच्या पिकल्या बोंडाला बोट लागताच ते फुटून बी दूर उडते, आणि लेखकाच्या अंगणातील पश्चिमेचा उतार आता दरवर्षी न पेरताच त्याने भरून जातो.