वाद्य आणि माईक : थरथरीचा धडा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'ध्वनी' हा पाठ नुसता फळ्यावर शिकवला तर मुलं व्याख्या पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी हे करून बघा. रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुगा ताणून बांधा, वर तांदळाचे चार दाणे ठेवा आणि शेजारी ताट वाजवा. दाणे नाचतात! ताट थरथरलं, हवा थरथरली, म्हणून फुगा थरथरला.

तबल्यातही चामडं थरथरतं. पण मधल्या शाईमुळे त्याला सूर मिळतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली या विषयावर लेखन प्रसिद्ध केलं होतं.

माईक म्हणजे जणू आपला फुग्याचा डबाच. सभेतल्या नेहमीच्या माईकमध्ये पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि जवळ चुंबक असतं. आवाजाने पडदा हलला की वेटोळ्यात वीज तयार होते. स्पीकरमध्ये याच्या बरोबर उलट घडतं.

आता वर्गात कविता रेकॉर्ड करा. पंखा बंद ठेवा. हळू बोलणाऱ्या मुलाला "मोठ्याने बोल" म्हणून दटावू नका. मोबाईलच वीतभर अंतरावर न्या.

रेकॉर्डिंग ऐकून काही मुलं लाजतात, "हा माझा आवाज नाहीच!" म्हणतात. त्यांना जरूर सांगा : बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येतो, माईकला फक्त हवेतला मिळतो. म्हणून तो वेगळा वाटतो, वाईट नसतो. एवढं कळलं की गप्प बसणारं मूलही पुन्हा माईकसमोर येतं.