लेख लिहिताय? जरा थांबा!

मॅगझिनची नोटीस लागली की होस्टेलमध्ये दोन प्रकारची मंडळी दिसतात. एक, "आपल्याला नाही बुवा मराठीत लिहिता येत" म्हणणारी, आणि दुसरी, शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री बारा वाजता पेन शोधणारी. हा लेख दोघांसाठीही आहे. लेख लिहिण्यात काही रॉकेट सायन्स नाही. पण काही चुका अशा आहेत की त्या दरवर्षी, प्रत्येक ब्रँचचे विद्यार्थी इमानेइतबारे करतात.

पहिली चूक पहिल्याच वाक्यात होते. "निसर्गाने मुक्त हस्ताने उधळण केलेला आमचा चंद्रपूर जिल्हा..." आता या वाक्यातलं चंद्रपूर खोडून तिथे सिंधुदुर्ग लिहा. वाक्य जसंच्या तसं चालतं! सातारा लिहा, तरी चालतं. म्हणजे त्या वाक्याने आपल्या जिल्ह्याबद्दल काहीच सांगितलं नाही. "घनदाट अरण्य", "निसर्गाची कुशी", "भोळेभाबडे आदिवासी बांधव" हे सगळे याच जातीचे शब्द. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यावर ही गावाचं नाव बदलण्याची टेस्ट करून बघा. अर्धा लेख आपोआप गळून पडेल. घाबरू नका, उरतो तोच खरा लेख.

मग लिहायचं काय? उदाहरण मोहाचं घेऊ. आपल्याकडे मोहावर लिहिताना "मोहाचा धुंद करणारा सुगंध" याच्यापुढे गाडी जात नाही. पण गडचिरोलीकडचा तुमचा रूममेट असेल तर त्याला विचारा. तो सांगेल की मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्रीतून आणि पहाटे गळतात, म्हणून घरची सगळी माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी झाडतात, काही ठिकाणी जाळतात, आणि जंगलात वणवे लागण्याचं ते एक मोठं कारण आहे. वेचलेली फुलं अंगणात वाळवायची. ती वाळली की वजन एकदम कमी होतं, आणि विकायची ती वाळलेली. मोहाचा हंगाम संपतो न संपतो तोच तेंदूपत्ता सुरू. यात एकही "धुंद" शब्द नाही, पण हे फक्त इथला माणूसच सांगू शकतो. एक झाड, एका घराची कमाई आणि एक वणवा, तिन्ही गोष्टी एका परिच्छेदात आल्या.

अशा लिखाणाचे आपल्या भागातले मोठे मास्तर म्हणजे मारुती चितमपल्ली. जन्म सोलापूरचा, पण वनखात्यातल्या नोकरीची महत्त्वाची वर्षं नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा विदर्भातल्या जंगलांत गेली. ते २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचं 'चकवाचांदण' लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा. जे दिसलं ते डायरीत टिपायचं, आणि पक्ष्याचं किंवा झाडाचं नाव माहीत नसेल तर ते तिथल्याच माणसाला विचारायचं, ही त्यांची पद्धत. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' हे शब्द त्यांनीच मराठीत आणले. आपण मात्र लेखात "विविध रंगांचे अनेक पक्षी किलबिल करत होते" असं लिहून मोकळे होतो. कोणते पक्षी? वॉर्डनच्या ऑफिसबाहेरच्या झाडावरचे तरी नावानिशी सांगता येतात का बघा.

आता शीर्षक. "बालमृत्यू : एक ज्वलंत समस्या" अशा नावाचा लेख कोण उघडेल? गडचिरोलीत 'सर्च' संस्था चालवणारे डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली राज्यातल्या बालमृत्यूंवर अहवाल काढला, त्याचं नाव 'कोवळी पानगळ'. जंगलात राहणाऱ्याला पानगळ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, गळतात ती पिकलेली पानं. त्याआधी फक्त 'कोवळी' हा एक शब्द ठेवला आणि काय बिघडलंय ते अहवाल न उघडताच कळलं. लक्षात घ्या, नाव सुंदर आहे म्हणून अहवाल गाजला असं नव्हे, आत मोजदाद होती. याच संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायची पद्धत बसवली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'ने ते छापलं. किती गावं, कितवं वर्ष, किती टक्के, सगळं स्पष्ट. "मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले" असं लिहिलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर आपण इंजिनिअर लोकांनी तरी लाज राखावी. ताडोबाचं क्षेत्रफळ कुणी ६२५ चौरस किलोमीटर लिहितो, कुणी १७२७. दोघंही बरोबर असतात! पहिला आकडा फक्त कोअरचा, दुसरा बफर धरून. युनिट लिहिलं नाही की व्हायवाला मार्क कापतात, तसंच हे. तारखांचंही तेच. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, त्यामुळे १९७३ ला सुरू झालेला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. हे सगळं तपासायला दहा मिनिटं लागतात. पण चुकीचं छापलं तर पुढच्या वर्षी कुणीतरी ज्युनिअर याच अंकातून उतरवून घेणार.

आणि फक्त ज्युनिअरच वाचतात असंही नाही. मेसमधल्या काकू, गेटवरचे काका, शिपाई यांच्यापैकी कितीतरी जण मूल, धानोरा, एटापल्लीकडचे आहेत. त्यांची मुलं हा अंक घरी नेतात. बाहेरचे पत्रकार आपल्याबद्दल दोनच शब्द लिहितात, 'मागास' आणि 'नक्षलग्रस्त'. तेच शब्द आपणही लिहायचे? माडिया माणसाबद्दल लिहायचं तर 'माडिया' लिहा, गावाचं नाव लिहा, आणि त्याचा फोटो छापण्याआधी त्याला विचारा.

भाषेबद्दल थोडं. कॉन्व्हेंटवाल्यांच्या लेखात वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं आणि मग मराठीत उतरतं. "मी एका अशा व्यक्तीला भेटलो ज्याने की..." असं कोणी बोलतं का? जसं घरी आईला सांगाल तसं लिहा. याउलट झाडीपट्टीतल्या मित्रांना उगाच भीती वाटते की आपलं मराठी अशुद्ध आहे. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत, तो त्या बोलीचा स्वभाव आहे. पात्राच्या तोंडी 'पानी' खुशाल लिहा, खाली निवेदनात 'पाणी' लिहा. ऱ्हस्व-दीर्घ मात्र बघाच. २१ मार्चला "जागतिक वन दीन" लिहिलं की जंगल खरोखरच दीनवाणं वाटायला लागतं!

हल्ली एआयला विषय सांगितला की दोन मिनिटांत पाचशे शब्द तयार मिळतात. त्यावर गावाचं नाव बदलण्याची तीच टेस्ट लावून बघा, बाकी काही बोलत नाही.

शेवटचं काम, लेख रूममेटला मोठ्याने वाचून दाखवा. तो ज्या ओळीला मोबाईल हातात घेईल तिथे पेन्सिलने खूण करा. तिथून दोन वाक्यं मागे जाऊन खोडायला सुरुवात करायची.