दोन खून आणि एक कबुलीजबाब

नव्या खुनाचा धागा जुन्या, उलगडा न झालेल्या खुनापर्यंत नेऊन भिडविणें ही गुप्त पोलिसाची मोठी करामत, हें रहस्यकथांचा नाद असलेल्या आमच्या बालवाचकांस सांगावयास नकोच. इंग्लंडांत असें प्रत्यक्ष घडलें आहे. मात्र तेथें धागा जुळविणारा मनुष्य पोलीस नव्हता, तर विद्यापीठांतील एक संशोधक होता.

लेस्टरशायर परगण्यांत नारबरो व एंडर्बी हीं शेजारशेजारचीं गांवें आहेत. १९८३ च्या नोव्हेंबरांत नारबरो येथील एका पाऊलवाटेपाशीं पंधरा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचें प्रेत सांपडलें. खुन्याच्या शरीराचे जे अंश मागें राहिले होते त्यांवरून त्याचा रक्तगट 'अ' असल्याचें कळलें. पण रक्तांतील तीं लक्षणें सुमारें दर दहा पुरुषांत एकाचीं असतात. एवढ्यावरून कोणास धरावें? तपास थंडावला. पुढें १९८६ च्या जुलैअखेर तितक्याच वयाची दुसरी मुलगी त्याच टापूंत, तशाच रीतीनें मारली गेली.

या वेळीं पोलिसांनीं एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरांत काम करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलास पकडलें. त्यानें दुसऱ्या खुनाची कबुली दिली, पहिल्याची मात्र नाकारली. दोन्ही कृत्यें एकाच हातचीं आहेत अशी पोलिसांची खात्री होती, म्हणून त्यांनीं लेस्टर विद्यापीठांतील अ‍ॅलेक जेफ्रीज यांस गांठलें.

जेफ्रीज यांचा शोध तेव्हां अवघ्या दोन वर्षांचा होता. आपल्या पेशींत डी. एन. ए. नांवाचें जें लांब सूत्र असतें, त्यांत कांहीं लहान तुकडे पुनः पुनः येतात, आणि ते किती वेळां येतात हें माणसागणिक बदलतें. तें सूत्र योग्य रसायनानें कापून, तुकडे विजेच्या साह्यानें लांबीप्रमाणें वेगळे केले, व किरणोत्सर्गी द्रव्यानें खूण करून त्यांचें चित्र फिल्मवर उमटविलें, तर पट्ट्यांची एक शिडी दिसते. १९८४ च्या सप्टेंबरांत जेफ्रीज यांनीं एका कुटुंबाच्या अशा शिड्या शेजारीं ठेवून पाहिल्या. अपत्याची प्रत्येक पट्टी आईच्या किंवा बापाच्या शिडींत सांपडत होती. 

आतां दोन्ही खुनांच्या शिड्या शेजारीं आल्या. त्या तंतोतंत सारख्या होत्या. पोलिसांचा तर्क खरा ठरला. पण त्या मुलाची शिडी दोहोंशींही जुळेना. आमच्या मतें सर्व कथेंत हाच क्षण मोठा. स्वतःच्या तोंडानें गुन्हा कबूल केलेला मुलगा निरपराध होता! धाकानें, थकव्यानें वा गोंधळानें मनुष्य न केलेलें पापही पदरीं घेतो, हें पालकांनींही ध्यानांत घ्यावें. नोव्हेंबर १९८६ मध्यें तो सुटला. या परीक्षेनें निर्दोष ठरलेला जगांतील तो पहिला आरोपी होय.

मग खुनी कोण? १९८७ च्या आरंभीं पोलिसांनीं आसपासच्या गांवांतील तरुणांस आपलें रक्त स्वखुषीनें देण्याची विनंती केली. चार हजारांहून अधिक जणांनीं तें दिलें, आणि एकाचेंही जुळलें नाहीं. शास्त्र बरोबर होतें. लबाडी माणसाची होती. त्या वर्षाच्या ऑगस्टांत एका मद्यगृहांत पावाच्या भट्टीवरील एक कामगार गप्पांच्या ओघांत बोलून गेला कीं, आपण एका सोबत्याच्या नांवानें रक्त देऊन आलों. त्या सोबत्यानें पारपत्रावर याचें छायाचित्र चिकटवून ही सोय केली होती. ऐकणाऱ्यांपैकीं एका बाईस चैन पडेना. कांहीं आठवड्यांनीं तिनें ती गोष्ट पोलिसांच्या कानीं घातली.

सप्टेंबरांत तो सोबती पकडला गेला. त्याची शिडी दोन्ही खुनांशीं जुळली, आणि जानेवारी १९८८ मध्यें त्यास जन्मठेप झाली.