शिंकांचा हंगाम आणि गाजर गवत

सप्टेंबरात पवित्र मरियेच्या जन्माचा सण आटोपतो, पाऊस थोडी उघडीप देतो, आणि बेळगाव-खानापूरकडच्या पुष्कळ घरांत सकाळी अंथरुणातच शिंका सुरू होतात. एक-दोन नव्हेत, ओळीने दहा-पंधरा. नाकातून पाण्यासारखी धार लागते, टाळूला आणि कानांच्या आत खाज सुटते, डोळे लाल होतात. घरातले म्हणतात, भिजला म्हणून पडसे आले. मग काढा होतो, वाफ होते, दुकानातून सर्दीची गोळी येते. दिवाळी उलटून थंडी स्थिरावली की दुखणे आपोआप जाते, आणि पुढल्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा दारात उभे राहते.

हे पडसे नव्हे. पडसे सात-आठ दिवसांत बरे होते, त्यात अंग मोडून येते, कधी बारीक ताप असतो आणि पुढे शेंबूड घट्ट होतो. ज्या दुखण्यात खाज सुटते, ताप नसतो, नाकातले पाणी पातळच राहते आणि जे महिना-दोन महिने हटत नाही, ते परागाचे दुखणे समजावे. घरच्या कॅलेंडरवर शिंका सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवा. दोन वर्षे एकच पंधरवडा निघाला, तर संशयाला फारशी जागा उरत नाही. ही तारीख डॉक्टरांनाही उपयोगी पडते आणि औषध केव्हा सुरू करायचे तेही तिच्यावरूनच ठरते. त्याविषयी पुढे सांगू.

इंग्रजीत या दुखण्याला 'हे फीव्हर', म्हणजे गवताचा ताप, म्हणतात. नाव दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. यात ताप नसतो, आणि कापून वाळवलेल्या गवतापेक्षा उभ्या गवताच्या फुलोऱ्याचा दोष अधिक. लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी 1819 मध्ये स्वतःच्याच अशा दुखण्याचे वर्णन लिहिले. रक्त काढणे, अफू, थंड पाण्याची स्नाने असे सारे उपाय त्यांनी स्वतःवर करून पाहिले, पण गुण आला नाही. खरे कारण पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांना सापडले. त्यांनी गवताचा पराग स्वतःच्या नाकात ओढून पाहिला, कातडीवर ओरखडा काढून त्यावर चोळला, आणि चिकट लेप लावलेल्या काचा पतंगाला बांधून उंचावरच्या हवेतला परागही पकडला. त्यांचा ग्रंथ 1873 साली निघाला. गंमत अशी की, शेतकऱ्यांचा गवताशी सर्वांत अधिक संबंध येत असूनही त्यांच्यात हे दुखणे क्वचितच आढळते, असे त्यांनी नोंदवले होते. आज आमच्या गावांत तसे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

युरोपात गवत जूनच्या सुमारास फुलते, म्हणून तिकडे तो हंगाम. आपल्याकडे पावसाच्या अखेरीस बांधावरची गवते तुऱ्यावर येतात, भात निसवते, आणि त्यात भर पडते गाजर गवताची. कोणी याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. मूळचे अमेरिका खंडातील हे तण आपल्या देशात 1955 च्या सुमारास पुण्याजवळ प्रथम ध्यानात आले. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानतात. आज रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, शाळेच्या मैदानात, उसाच्या बांधावर, जिकडे पाहावे तिकडे ते पांढरे ठिपके दिसतात. एका झाडाला दहा हजारांहून अधिक बी धरते. जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. वैरणीच्या टंचाईत म्हशीने खाल्लेच, तर दूध कडवट होते.

या गवताचा त्रास दोन वाटांनी होतो. पराग नाकात-डोळ्यांत गेला की शिंका आणि पाणी. आणि वाळलेल्या झाडाचा बारीक चुरा वाऱ्याने अंगावर बसला की पापण्या, मान, कोपराची आतली बाजू अशा ठिकाणी खाजरा इसब उठतो. चेहरा काळवंडून कातडी जाड झाली, तर त्याला केवळ उन्हाचा रापलेपणा समजून सोडून देऊ नये. कातडीच्या डॉक्टरांना दाखवावे.

आता इलाजाकडे वळू. पहिला आणि बिनखर्चाचा उपाय पाण्याचा आहे. रानातून आल्यावर कपडे ओसरीवरच उतरवावेत, डोक्यावरून आंघोळ करावी, निदान तोंड, डोळे, केस धुवावेत. केसांत अडकलेला पराग रात्री उशीवर उतरतो आणि पहाटेच्या शिंका तिथूनच निघतात. हंगामात अंथरूण-पांघरूण बाहेर कुंपणावर वाळत घालू नये. नाक मिठाच्या पाण्याने धुतल्यास फार आराम पडतो. एक पेला पाणी चांगले उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात अर्धा लहान चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, पुढे वाकून एका नाकपुडीतून घालून दुसरीतून जाऊ द्यावे. पाणी उकळलेलेच हवे. विहिरीचे किंवा नळाचे कच्चे पाणी नाकात घालणे धोक्याचे आहे, त्यातून क्वचित मेंदूचा जीवघेणा रोग होतो. काही जणांना नाकपुडीच्या कडेला तुपाचे बोट फिरवल्याने बरे वाटते, त्याला हरकत नाही. हळद-दूध घशाला सुखाचे, पण परागाचे दुखणे त्याने थांबत नाही.

गोळ्यांत सेट्रिझिन, लोराटाडीन, फेक्सोफेनाडीन या जातीच्या गोळ्या शिंका व खाज यांवर चांगल्या लागू पडतात आणि स्वस्तही आहेत. दुकानातल्या पुष्कळशा सर्दीच्या गोळ्यांत मात्र जुने क्लोरफेनिरामाइन असते. त्याने गुंगी येते. ती घेऊन ट्रॅक्टरवर बसणे, कडबा कापण्याच्या यंत्रात हात घालणे किंवा रात्री मोटार चालू करायला विहिरीच्या काठावर जाणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. सेट्रिझिननेही काहींना झोप येते, तेव्हा ती रात्री घ्यावी. वयस्क पुरुषांना लघवी अडण्याची तक्रार असेल किंवा रक्तदाब असेल, तर सर्दीची मिश्र गोळी विचारल्याशिवाय घेऊच नये. अलीकडे सेट्रिझिनच्या भावंडाबरोबर मॉन्टेलुकास्ट मिसळलेली गोळी सर्रास लिहून दिली जाते. तिने काहींचे मन उदास होते, वाईट स्वप्ने पडतात, म्हणून 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्यावर कडक इशारा छापायला लावला. लेकराचा स्वभाव ती गोळी सुरू झाल्यावर बदललेला वाटला, तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

नाक चोंदत असेल, तर आमच्या मते सर्वांत उपयोगी औषध म्हणजे नाकात मारायचा स्टेरॉईडचा फवारा. स्टेरॉईड हा शब्द ऐकून घाबरू नये. नाकापुरताच थोडा अंश जातो. पण त्याचा गुण एका दिवसात येत नाही, पुरता गुण येण्यास आठ-पंधरा दिवस लागतात. दोन दिवस मारून काही होत नाही म्हणून बाटली फेकणारे बरेच भेटतात. म्हणूनच ती कॅलेंडरवरची तारीख महत्त्वाची. शिंका दरवर्षी सप्टेंबरच्या मध्यास सुरू होत असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑगस्ट संपता-संपताच फवारा सुरू करावा आणि हंगाम सरेपर्यंत रोज घ्यावा. मारताना मान मागे टाकू नये, किंचित पुढे झुकवावी. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा, आणि टोक कानाच्या दिशेला. मधल्या पडद्यावर फवारा बसला तर रक्त येते. मारल्यावर जोराने ओढू नये, औषध घशात उतरून वाया जाते.

चोंदलेले नाक पाच मिनिटांत मोकळे करणारे थेंब निराळे. ते पाच दिवसांहून जास्त घालू नयेत. पुढे ते थेंबच नाक चोंदवतात आणि माणूस बाटलीचा बांधील होतो. डोळ्यांना थंड पाण्याच्या घड्या, खाजेचे थेंब चालतील. स्टेरॉईडचे थेंब आपल्या मनाने घातल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. आणि वर्षातून एकदा इंजेक्शन मारून घेतले की हंगामभर चिंता नाही, अशी जी प्रथा काही गावांत आहे, तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. ते स्टेरॉईड सर्व अंगात भिनते, मधुमेह्याची साखर भडकते, हाडे ठिसूळ होतात. याच्याशी लसीच्या सुयांची गल्लत करू नये. परागाचाच अंश थोडा-थोडा वाढवत देऊन शरीराला सवय लावण्याचा तो उपाय लंडनमध्ये 1911 साली लिओनार्ड नून यांनी प्रसिद्ध केला. तो तीन ते पाच वर्षे चालतो आणि या विषयातील डॉक्टरांकडेच करायचा असतो.

सर्वांत काळजीची गोष्ट छातीची. नाकाच्या या दुखण्यातून पुष्कळांना दम्याची वाट लागते. रात्री कोरडा खोकला, पहाटे छातीत शिट्टी, पायऱ्या चढताना धाप, ही खूण ओळखावी. मुलगी लग्नाची आहे म्हणून दमा हा शब्दच घरात काढायचा नाही, असे आम्ही अनेक घरांत पाहतो. मग इनहेलर शेजाऱ्यांना दिसेल म्हणून आणलाच जात नाही, किंवा पंपाची सवय लागते असे सांगून लपवला जातो. सवय लागत नाही. उलट रोजचा पंप बंद पडल्यामुळेच मध्यरात्री दवाखाना गाठावा लागतो, आणि गावातून मध्यरात्री गाडी मिळणे किती कठीण ते आपण जाणता. बोलताना वाक्य पुरे होत नाही, ओठ निळसर दिसतात, अशा वेळी काढा उकळत बसू नये.

मळणीच्या दिवसांत खळ्यावर ज्याला त्रास आहे त्याने वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे, नाकातोंडाला मास्क किंवा ओला पंचा बांधावा, साधा चष्मा लावावा. बुरशी आलेला पेंढा हलवल्यानंतर चार-आठ तासांनी ताप, थंडी आणि धाप लागली, तर ते वेगळेच फुफ्फुसाचे दुखणे असते. डॉक्टरांना पेंढ्याविषयी आवर्जून सांगावे.

आणि गवत? आपल्या दफनभूमीची साफसफाई 2 नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवसासाठी ऑक्टोबरच्या शेवटी काढली जाते. तोवर गाजर गवत फुलून, बी टाकून मोकळे झालेले असते, आणि कोयत्याच्या प्रत्येक घावाबरोबर चुरा तोंडावर उडतो. हेच काम जुलै-ऑगस्टात, फुले येण्यापूर्वी, पाऊस पडून गेल्यावर करावे. ओल्या मातीतून झाड मुळासकट येते. हातमोजे व पूर्ण बाह्या हव्यात, आणि ज्याला शिंका किंवा इसब आहे त्याने त्या दिवशी चहापाण्याचे काम पाहावे. फुलाआधी उपटलेले झाड कंपोस्टच्या खड्ड्यात चालते. वाळलेले जाळू नये, त्या धुराने छाती चिडते. जिथे काही पेरायचे नाही अशा कुंपणाकडेला शेकडा पंधरा-वीस मिठाचे पाणी फवारल्यास झाड करपते, शेतात मात्र हे करू नये, जमीन बिघडते. मोकळ्या जागी तरोटा किंवा झेंडू दाट वाढू दिला तर गाजर गवताला जागा कमी उरते. पावसात त्याच्या पानांवर पिवळट पाठीचे, काळ्या वेड्यावाकड्या रेघांचे लहान भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकोहून आणून 1984 मध्ये बेंगळूरला सोडलेले भुंगेरे आहेत, या गवताची पाने खातात आणि उन्हाळा जमिनीत झोपून काढतात. मूठभर भुंगेरे डब्यात धरून दफनभूमीच्या गवतावर सोडले तरी चालतील, फक्त तिथे कीटकनाशक फवारू नये.