लढाईनंतरचं बिल

मामा सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांची भाची मीनल अमेरिकेत एका कॉलेजात इतिहास शिकवते. ती सुट्टीला आली की मामांचे प्रश्न तयारच असतात.

मामा : मला एक सांग. तुमच्याकडं फौजी माणसाला फार मान म्हणतात. विमानात आधी चढवतात, हॉटेलात सूट देतात. मग तिथले माजी सैनिक रस्त्यावर कशाला उतरतात?

मीनल : विमानात आधी चढायला मिळतं खरं. पण पेन्शन, दवाखाना, भरपाई यातलं फारसं काही तिथंही आपणहून मिळालेलं नाही. 1932 सालचंच बघा. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना 1924 च्या कायद्यानं बोनस कबूल केला होता. देशातल्या नोकरीला दिवसाला एक डॉलर, परदेशातल्या नोकरीला सव्वा. हातात मात्र नुसतं सर्टिफिकेट ठेवलं. पैसे 1945 साली मिळायचे होते.

मामा : एकवीस वर्षांनी? तोवर निम्मे वर गेलेले असणार.

मीनल : त्यात मंदी आली. पोटाला नाही आणि कपाटात सर्टिफिकेट. मग वॉल्टर वॉटर्स नावाचा एक माजी सार्जंट पोर्टलंडहून माणसं घेऊन निघाला, मालगाड्यांतून फुकट प्रवास करत. बघता बघता वॉशिंग्टनला वीसेक हजार लोक जमले, बायकापोरांसकट. अ‍ॅनाकोस्टिया नदीकाठी चिखलात पुठ्ठ्याच्या आणि पत्र्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. सैन्यात तेव्हा काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या. या झोपड्यांत मात्र काळे-गोरे शेजारी राहिले.

मामा : शिस्त होती का? नाहीतर लोक लगेच नावं ठेवतात.

मीनल : संडासाचे खड्डे खणलेले, गस्त नेमलेली, पुस्तकांची सोय, स्वतःचं वर्तमानपत्रसुद्धा. तुम्ही बघितलं असतं तर पास केलं असतं. खालच्या सभागृहानं बोनसचं विधेयक मंजूर केलं, सेनेटनं फेटाळलं. तरी हे हलेनात. 28 जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक गेले आणि त्याच दिवशी जनरल मॅकार्थरनं फौज आणली. घोडदळ, संगिनी, अश्रुधूर, रणगाडे. रात्री सगळा तळ जळत होता.

मामा : आपल्याच माणसांवर रणगाडे!

मीनल : घोडदळाबरोबर पॅटन होता, पुढं दुसऱ्या महायुद्धात गाजला तो. 1918 मध्ये फ्रान्सच्या रणांगणावर तो जखमी होऊन पडला, तेव्हा त्याचा जीव वाचवला होता जो अँजेलो नावाच्या शिपायानं. त्याबद्दल शौर्यपदकही मिळालं होतं. तोच अँजेलो या बोनसवाल्यांत होता. त्याला पॅटनपुढं आणलं, तर साहेबांनी ओळखच दाखवली नाही. घालवून द्या म्हणाले.

मामा : जंतरमंतरवर 2015 ला आमची माणसं बसली होती, वन रँक वन पेन्शनसाठी. 14 ऑगस्टला पोलीस त्यांना उठवायला आले. छातीवर मेडलं लावलेली म्हातारी माणसं ओढताना टीव्हीवर दिसली. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला जायचं होतं मला. गेलो, पण मन लागलं नाही.

मीनल : आणि तीन आठवड्यांत, 5 सप्टेंबरला, योजना जाहीर झाली. तिथंही रूझवेल्टचा नकाराधिकार डावलून 1936 मध्ये बोनस मंजूर झाला. त्याहून मोठं फळ पुढं आलं. दुसरं महायुद्ध संपत आलं, तेव्हा परतणारे लाखो सैनिक पुन्हा राजधानीत ठाण मांडून बसले तर, ही धास्ती होतीच. 1944 च्या जीआय बिलानं त्यांना कॉलेजची फी, घरकर्ज, बेकारी भत्ता दिला. अमेरिकेतला मध्यमवर्ग बराचसा त्या कायद्यावर उभा राहिला. काळ्या सैनिकांना मात्र त्यातलं कर्ज मिळणं मुश्कीलच होतं, हेही सांगायला हवं.

मामा : बरं, हे पैशाचं झालं. पण तू परवा म्हणालीस की यातले काही लोक लढाईच्याच विरोधात बोलतात. ते मला पटत नाही. फौजीनं हुकूम पाळायचा.

मीनल : वर्दीत असेपर्यंत. वर्दी उतरल्यावर तो नागरिक आहे. 1967 मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या काही पोरांनी न्यूयॉर्कात युद्धविरोधी संघटना काढली. 1971 च्या एप्रिलमध्ये ही पोरं वॉशिंग्टनला आली. संसदेपुढं कुंपण घातलेलं होतं. एकेकानं माइकवर नाव सांगायचं, कुणाच्या आठवणीसाठी ते सांगायचं आणि पदक कुंपणापलीकडं भिरकावायचं. काही जण रडत होते.

मामा : मेडल फेकणं माझ्यानं झालं नसतं.

मीनल : त्यांच्यातल्याही कित्येकांना जड गेलं. पण याच संघटनेचं एक काम बघा. न्यूयॉर्कच्या कचेरीत हे लोक गोल करून बसायचे आणि झोप का लागत नाही, बायकोवर हात का उगारला जातो, हे एकमेकांना सांगायचे. रॉबर्ट लिफ्टन आणि हाइम शॅटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात येऊन बसू लागले. डॉक्टर म्हणून वर नाही, बरोबरीनं. सरकारी इस्पितळांत तेव्हा या त्रासाला नीट नावसुद्धा नव्हतं. दारुडा किंवा आधीपासूनच वेडा, एवढंच. पुढं 1980 मध्ये पीटीएसडी हा आजार मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आला, तो या खटपटीमुळं. आज भूकंपातून वाचलेल्या माणसाला किंवा बलात्कार सोसलेल्या बाईला डॉक्टर हेच निदान सांगतात. त्याच्या मुळाशी त्या गोलातली माणसं आहेत.

मामा : आमच्या पलटणीतला एक जण फटाके वाजले की कॉटखाली जायचा. आम्ही हसायचो त्याला. बरं, पुढं?

मीनल : पुढं एजंट ऑरेंज. जंगलाची पानं झडावीत म्हणून विमानांतून फवारलेलं विष. 1977 मध्ये शिकागोच्या माजी सैनिक कचेरीत मॉड डीव्हिक्टर नावाची कर्मचारी होती. एका सैनिकाची बायको तिला म्हणाली, माझ्या नवऱ्याचा कॅन्सर त्या फवाऱ्यामुळं आहे. बाईनं फाइल बंद केली नाही. तशा आणखी केसेस गोळा करत गेली. मग टीव्हीवर माहितीपट आला, खटला उभा राहिला, 1984 मध्ये कंपन्यांनी 18 कोटी डॉलरवर तडजोड केली. सरकारचा कायदा यायला 1991 उजाडलं. त्यात एक कळीची गोष्ट मिळाली. व्हिएतनामात होतास आणि यादीतला आजार झाला, तर तो फवाऱ्यानंच झाला असं धरून चालायचं. आजारी माणसानं पुरावे गोळा करत फिरायचं नाही.

मामा : हे चांगलं. इथं प्रत्येक कागदाला झेरॉक्स, त्यावर सही, सहीवर शिक्का.

मीनल : इराक-अफगाणिस्तानात तेच पुन्हा झालं. तळावरचा कचरा, प्लास्टिक, बॅटऱ्या, औषधं उघड्या खड्ड्यांत इंधन ओतून जाळायचे. तो धूर छातीत गेलेल्यांचा कायदा 2022 च्या जुलैअखेर सेनेटमध्ये अडला. माजी सैनिक संसदेच्या पायऱ्यांवर येऊन झोपले, उन्हात, पावसात. काही दिवसांत 86 विरुद्ध 11 मतांनी मंजूर झाला. दहा वर्षांचा अंदाजे खर्च 280 अब्ज डॉलर.

मामा : एवढा?

मीनल : आता मुद्द्यावर आलात. माजी सैनिक खात्याचं बजेट 2001 साली 50 अब्ज डॉलरच्या आसपास होतं, आता 300 अब्जांच्या वर गेलं आहे. आणि हे संरक्षण खात्याच्या बाहेरचं, बरं का. लिंडा बिल्म्स नावाच्या अर्थतज्ज्ञ आहेत. त्यांनी दाखवून दिलं की पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या अपंगत्वाच्या भरपाईचा खर्च सर्वांत वर गेला तो 1969 साली. लढाई संपून अर्धं शतक झाल्यावर! त्याहून नवल सांगते. अमेरिकन यादवी युद्ध 1865 ला संपलं. त्याचं शेवटचं पेन्शन 2020 पर्यंत चालू होतं. आयरीन ट्रिपलेट नावाच्या बाई, वडील त्या युद्धात दक्षिणेच्या फौजेतून पळून उत्तरेच्या फौजेत आलेले. ते 83 वर्षांचे असताना ही मुलगी झाली. तिला महिन्याला 73 डॉलर 13 सेंट मिळायचे, मरेपर्यंत.

मामा : आपल्याकडं हे पैसे वेगळे दाखवत नाहीत. पेन्शन संरक्षणाच्या बजेटातच असतं.

मीनल : हो. 2025-26 ला 6 लाख 81 हजार कोटींपैकी जवळपास 1 लाख 61 हजार कोटी पेन्शनचे. म्हणून आपल्याकडं ओरड होते की पेन्शन बंदुकांचे पैसे खातं. तिकडं उलटं. बंदुकांचा आकडा एकीकडं, जखमांचा दुसरीकडं. बेरीज करून कुणी दाखवत नाही. 1985 मध्ये निघालेली 'व्हेटरन्स फॉर पीस' ही संघटना नेमकं तेच करत आली. लढाईची सगळी किंमत मोजा आणि लष्करी खर्चाला कात्री लावा. यांची माणसं कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या आणि सांता मोनिकाच्या वाळूत रविवारी इराकमध्ये पडलेल्यांसाठी क्रूस मांडायची, हजारावर, आणि संध्याकाळी उपटून परत ट्रकात भरायची.

मामा : ऐकतंय का कोण त्यांचं?

मीनल : दवाखान्याचं ऐकतात, खर्चाचं नाही. 2020 मध्ये लष्करी खर्च 10 टक्के कमी करा असा प्रस्ताव सेनेटमध्ये आला होता. बाजूनं 23, विरोधात 77. दुसरीकडं, 2018 पासून पेंटागॉनचा हिशेब ऑडिटमध्ये दर वर्षी नापास होतोय. मला राग याचाच येतो. तोच माणूस औषध मागतो तेव्हा हिरो आणि पुढच्या लढाईबद्दल शंका काढतो तेव्हा नतद्रष्ट.

मामा : थांब. लडाखला चीन समोर उभा असताना दहा टक्के कापा म्हणणाऱ्याला मीही मत देणार नाही.

मीनल : नका देऊ. पण बिल्म्सबाईंची दुसरी सूचना ऐका. लढाईला पैसे मंजूर करतानाच परत येणाऱ्यांच्या औषधपाण्याचा निधी बाजूला काढून ठेवायचा.

मामा : ही मात्र पटली. झालं का तसं?

मीनल : नाही. संसदेत त्या धर्तीची विधेयकं आली आणि तशीच पडून राहिली.

मामा : का?

मीनल : आकडा आधीच छापावा लागेल ना.

मामा : अगं, आमच्या सोसायटीत विहिरीची मोटर घेताना सेक्रेटरी देखभालीचा खर्च आधी मांडत नाही. तो मांडला तर मोटरच मंजूर होणार नाही. बरं, त्या अँजेलोला पुढं बोनस मिळाला का?

मीनल : 1936 चा कायदा सगळ्यांनाच लागू होता, त्यालाही.

मामा : पॅटनसाहेबांच्या सहीशिवाय?

मीनल : सहीशिवाय.