मोठ्या दुर्बिणीला घाई चालत नाही

महाड,
१० डिसेंबर २०२५

चि. मुग्धास,


१५×७० ची दुर्बीण घेतलीस हे वाचून फार बरं वाटलं. मार्गशीर्ष अमावास्येला लागून तीन रात्री इकडे येते आहेस, मुहूर्तही चांगला धरलास. पण पहिली रात्र रायगडाच्या पायथ्याशी, दुसरी शिवथरघळीत आणि तिसरी प्रतापगडाजवळ, हा बेत मोडीत काढ. पोलादपूरला मावशीकडे उतर आणि तिन्ही रात्री तिच्याच अंगणात बस.

का, ते सांगतो. पंधरा पट मोठं दाखवणारी दुर्बीण हाताचा कंपही पंधरा पट मोठा करते. तिचं वजन दीड किलोच्या घरात. नुसती हातात धरलीस तर ताऱ्याच्या जागी रेघोट्या दिसतील. ट्रायपॉड हवाच, आणि गडाजवळच्या वाऱ्यात तोही थरथरतो. अगदी माथ्यावरचं काही बघायचं तर ट्रायपॉडखाली मान मोडून घेऊ नकोस. अंगणात बाज टाकायला सांग, उताणी पड आणि दोन्ही कोपरं छातीशी घट्ट टेकव. शिवाय नव्या जागी तासभर तर दिशा लावण्यातच जातो. एकाच अंगणात बसलीस की कुठल्या माडाच्या डाव्या अंगाला काय उगवतं, हे दुसऱ्या रात्री आपोआप कळतं.

गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र शोधले, तेव्हा त्याची दुर्बीण जेमतेम वीस पट मोठं दाखवायची आणि तिचं भिंग तुझ्या भिंगापेक्षा कितीतरी लहान होतं. शोध लागला तो लागोपाठच्या रात्री तोच ग्रह बघून त्या ठिपक्यांच्या जागा टिपल्यामुळे. सध्या गुरू मिथुन राशीत आहे. रात्री नऊनंतर पूर्वेला चांगला वर आलेला असेल. वहीत एक आडवी रेघ मार, मधे गुरू काढ आणि दिसतील ते चंद्र जागच्या जागी मांड. तिन्ही रात्री असंच कर.

दिवाळीच्या सुट्टीत देवयानीतली दीर्घिका बघून ‘नुसता धुरकट डाग’ असं लिहिलं होतंस. डागच दिसतो, दुर्बीण बिघडलेली नाही. पुस्तकातले रंगीत फोटो कॅमेऱ्याने तासन् तास प्रकाश साठवून काढलेले असतात. डोळ्याला तशी सोय नाही. त्याला फक्त वेळ देता येतो. अंधारात निदान वीस मिनिटं बसल्याशिवाय दुर्बीण हातात घेऊ नकोस. मोबाइल आत ठेव, बॅटरीवर लाल कागद बांध. मग डागाकडे थेट न बघता जरा बाजूला नजर ठेव. डाग लांबट होत जाईल, मधला भाग उजळ वाटेल. सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे तो. दहा मिनिटं तरी त्याला दे.

पोलादपूरहून उत्तरेला महाड एमआयडीसीच्या दिव्यांचा उजेड दिसतो, म्हणून जास्त वेळ पूर्वेला आणि दक्षिणेला घालव. अंधार पडताच पूर्वेला कृत्तिकांवर दुर्बीण लाव. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, तुझ्या दुर्बिणीत ते कित्येक होतील आणि अख्खा पुंजका एका नजरेत मावेल. मोठ्या टेलिस्कोपला हे जमत नाही. त्यात त्याचा तुकडाच दिसतो. मग मृगातला तेजोमेघ बघ. रात्री एकच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य. हात लांब करून मूठ धरलीस तर सुमारे दहा अंश भरतात. क्षितिजापासून साधारण दोन मुठी वर तो सापडेल. लंडनहून हा तारा कधी उगवतच नाही, तेव्हा तिकडच्या याद्या घेऊन इथलं आकाश बघू नकोस. मे महिन्यात आंबे खायला येशील तेव्हा रात्री साडेदहाला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दाखवीन.

आता जपणुकीचं. एसटीत दुर्बीण वरच्या फळीवर टाकू नकोस, मांडीवर घे. आंबेनळी घाटाच्या हिसक्यांनी आतले लोलक सरकले तर एका ताऱ्याचे दोन दिसतात आणि डोकं दुखतं. तसं झालं तर स्क्रू स्वतः फिरवू नकोस, जाणकाराकडे ने. इथल्या खोऱ्यात उत्तररात्री दंव पडतं. भिंग ओढणीने पुसू नकोस, आपसूक सुकू दे. ओली दुर्बीण पिशवीत कोंबलीस तर कोकणच्या हवेत काचेला बुरशी चढते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेव. आणि दिवसा ती चुकूनही सूर्याकडे वळवायची नाही.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. परत गेलीस की तिथे जात जा. चार जाणत्यांबरोबर बघितलं की आपण काय सोडलं ते कळतं.

तिसऱ्या रात्री मी येईन. पहिल्या दोन रात्रींची वही तयार ठेव. ‘खूप सुंदर दिसलं’ असलं काही लिहू नकोस. किती वाजता, कुठल्या दिशेला, काय आणि किती तारे, एवढंच हवं. बाकीचं समोरासमोर बोलू.

आईबाबांना नमस्कार.

तुझा,
मामा