लावणारा, पाणी घालणारा आणि वाढविणारा

(शास्त्रभाग : करिंथकरांस पहिले पत्र 3:5-9)

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या बाजूच्या आमच्या वाचकांस तलावाची ओळख करून द्यावयास नको. गोंड राजांच्या अमलात कोहळी लोकांनी उतार पाहून पाळी घातल्या व पाणी अडविले. त्या पाण्यावर आजही धानाच्या बांध्या पिकतात. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. 1951 साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, तरी त्यांस 'माजी मालगुजारी', म्हणजे मामा तलाव, असेच म्हणतात. नाव मालगुजाराचे राहिले. ज्यांनी डोक्यावर माती वाहिली त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. पाऊस तर या दोघांपैकी कोणीच पाडला नाही.

करिंथच्या मंडळीत नावांवरूनच तट पडले होते. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा. पौल त्यांस सांगतो की, आम्ही दोघेही सेवक. एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढ देवाने दिली. सातव्या वचनात तो लावणाऱ्यास व पाणी घालणाऱ्यास काहीच नव्हेत असे म्हणतो खरे. परंतु त्यापूर्वी कोणाचे काम कोणते हे तो स्पष्ट सांगून टाकतो, आणि आठव्या वचनात प्रत्येकास आपापल्या श्रमाप्रमाणे मजुरी मिळेल असेही म्हणतो. अपुल्लोसाचे नाव त्याने गाळले नाही. देवाचे गौरव करण्यासाठी सोबत्याचे श्रम पुसावे लागतात, असे त्यास वाटले नाही.

आमच्यांत मात्र तसे घडते. हंगामाच्या उपकारस्तुतीस शेताचा धनी धानाचे पोते वेदीपुढे ठेवतो आणि "प्रभूने दिले" म्हणतो. हे योग्यच आहे. पण ज्या बहिणींनी भर पावसात चिखलात वाकून रोवणी केली, त्या मागच्या रांगेत बसलेल्या असतात. त्यांची आठवण कोणी काढीत नाही.

दुसऱ्यांस कशाला बोल लावावा? एका गावच्या मंडळीचा अहवाल लिहिताना आम्ही तेथील बाप्तिस्मे आमच्या फेऱ्यांच्या हिशेबाखाली मांडले आणि शेवटी सर्व गौरव देवाला दिले. आम्ही त्या गावी पाऊल ठेवण्यापूर्वी कित्येक वर्षे एक वृद्ध विधवा धान कांडता कांडता शेजारणींस प्रभु येशूच्या गोष्टी सांगत असे. तिचे नाव अहवालात नव्हते. देवाचे नाव पुढे करून आम्ही तिचा वाटा झाकला, व झाकलेला वाटा आपल्याच पदरात ठेवला. असली नम्रता ही चोरीच होय, मग तिची भाषा कितीही पवित्र असो.

पुढे त्या बाईच्या ओसरीवर बसून आम्ही तिची क्षमा मागितली. ती गोंधळली. मग म्हणाली, "पाद्रीबाबा, मी कोठे काय केले? माझी सासू सांगे, ते मी सांगितले." सासूचे नाव विचारले, तेव्हा ते उच्चारण्यास ती बराच वेळ संकोचली, अखेर नातवाने सांगितले.

त्या दोघींची नावे आम्ही मंडळीच्या वहीत लिहून ठेवली आहेत.